तो इंटरकूलर तू बसवला नव्हतास

मल्लू, तुला जाऊन चार दिवसही झाले नव्हते आणि अक्कलकोट रोडच्या चौकात तुझा फ्लेक्स लागला. मी स्कूटर बाजूला घेतली, वर पाहिलं आणि तोंडाला कडू पाणी सुटलं. दुःखानं नव्हे. किळस आली म्हणून.

तुझं नाव चुकवलं होतं. मल्लिनाथचं मल्लिकार्जुन करून टाकलं होतं. तुझा फोटो वरच्या कोपऱ्यात, पासपोर्टला लावतात तेवढा. मधोमध युवराजची पिवळी गाडी आणि तिच्या बॉनेटवर हात टाकून, गॉगल लावून उभा असलेला युवराज. खाली ‘शोकाकुल’ म्हणून त्याच्या बारा मित्रांची तोंडं, त्यातली निम्मी हसरी. तेवढं मी चालवून घेतलं असतं. माणूस मेला की फ्लेक्सवाल्याकडे जो आधी पोचतो त्याचा फोटो मोठा होतो, हे तूच म्हणायचास. पण त्या पिवळ्या गाडीच्या खालच्या जाळीतून तो चकचकीत इंटरकूलर दिसत होता आणि त्याच्याखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘अण्णांची अमर कलाकृती’.

त्या कामाला तू हातसुद्धा लावला नव्हतास. ते मी केलं होतं, तुझ्या माघारी. आणि त्यावरूनच तू जाईपर्यंतचे साडेचार महिने आपण धड बोललो नाही. ही गोष्ट सोलापुरात तिघांनाच माहीत होती. आता दोघांनाच उरली होती, आणि त्या दोघांपैकी एकानं ती फ्लेक्सवर उलटी छापून चौकात टांगली होती. दुसरा मी. मी खाली उभा राहून बघत होतो, आणि थोड्या वेळानं स्कूटरला किक मारून निघून गेलो.

तू कुठं जन्मलास, किती शिकलास, मागं कोण कोण आहे, ते पेपरात येऊन गेलं. ते मी पुन्हा लिहीत नाही. मला तुझ्याशी बोलायचं आहे.

आपल्या दोन शेडमध्ये पत्र्याची एक भिंत. अलीकडे माझं आर्गन वेल्डिंग, म्हणजे ॲल्युमिनियम जोडण्याचं काम. पलीकडे तुझं गॅरेज. मी नातेपुत्याचा, तू मैंदर्गीचा. राग आला की तू कन्नडमध्ये जायचास आणि मला कन्नड येत नाही, त्यामुळे सतरा वर्षांत तू मला नेमकं काय काय म्हणालास ते मला कधीच कळलं नाही. महादेवीवैनींना विचारलं तर त्या पदर तोंडाला लावायच्या.

इंटरकूलर म्हणजे काय हे मला तूच शिकवलंस. सायकलचा पंप हातात देऊन म्हणालास, मार पंचवीस-तीस वेळा आणि खालच्या टोकाला हात लाव. चटका बसला. तू म्हणालास, टर्बो म्हणजे हाच पंप, फक्त मोठा. हवा दाबली की तापते, तापली की फुगते आणि इंजिनात कमी मावते. म्हणून मध्ये हा इंटरकूलर बसवायचा, हवेचा रेडिएटर. समोरच्या वाऱ्यावर हवा गार करायची आणि मग आत सोडायची. सोलापूरच्या मे महिन्यात समोरचा वाराच भट्टीतून आल्यासारखा असतो, तेव्हा हितल्या गाडीला याची किंमत जास्त, असं तू सांगायचास.

आणि तरी कुणी ‘मोठा इंटरकूलर टाका’ म्हणत आला की तू आधी जुना काढून धुवायला घ्यायचास. मला ते बघवायचं नाही. टर्बोतून गळून आत साठलेलं काळं, चिकट तेल. बाहेरच्या पट्ट्यांत ज्वारीचं फोलपट, चिखल, नाकतोड्यांचे पंख, मेलेल्या मधमाश्या. त्याचा वास असा की दुपारचं जेवण जात नसे. तू ते सगळं घमेल्यात घेऊन मालकाच्या नाकाखाली धरायचास आणि विचारायचास, असलं नाकात कोंबून तुम्ही पळाल का? निम्मे लोक धुतलेलाच इंटरकूलर परत बसवून खूश होऊन जायचे. मी म्हणायचो, मल्लू, गिऱ्हाईक नवीन मागतंय तर नवीन दे की. तू म्हणायचास, त्याला लागतंय ते देतो, मागतंय ते न्हाय. यावर आपण किती वेळा भांडलो असू. ते भांडण मिटलं नाही. आजही मला वाटतं की यंत्र आहे तसं ठेवण्यात मजा नाही, ते सुधारावं. तू असतास तर आत्ता मान हलवत नटबोल्ट शोधायला गेला असतास.

तू सुधारणेच्या विरोधात होतास असंही नाही. तुझ्या जुन्या डिझेल गाडीला आपण दोघांनी मिळून मोठा इंटरकूलर केला, ते मला अजून काल केल्यासारखं आठवतं. तीन आठवडे तू नुसता पुठ्ठा कापत होतास. पुठ्ठ्याचा इंटरकूलर करून गाडीत बसवून बघायचास, अर्धं बोट इकडे, अर्धं बोट तिकडे. मी चिडून म्हणालो, लग्नाच्या मुलीला साडी नेसवतोस का? दोन्ही टोकांच्या टाक्या मी वेल्ड केल्या. हवा भरून पाण्यात बुडवल्या तेव्हा चार वेळा बुडबुडे आले आणि चार वेळा तू परत माझ्या टेबलावर आणून ठेवल्यास. मग एका रणरणत्या दुपारी तुळजापूरच्या घाटात गेलो. तू चालवत होतास, मी मांडीवर दोन थर्मामीटर घेऊन आकडे वाचत होतो. वर पोचल्यावर तू बॉनेट उघडलंस आणि माझा हात धरून पाइपावर ठेवलास. आधी तिथं हात ठरायचा नाही. आता पाइप कोमट होता. तू म्हणालास, “दत्तू, तुझी शिवण चांगली हाय.” वेल्डिंगच्या सांध्याला तू शिवण म्हणायचास. सतरा वर्षांत केलेलं माझं एवढंच कौतुक.

एवढंच. तिथंच कुठं तरी मला डाचायला लागलं असणार. लोक मला ‘मल्लूअण्णाचा वेल्डर’ म्हणायचे. पुण्याहून, लातूरहून, विजापूरहून गाड्या यायच्या त्या तुझ्या नावानं. शिवण माझी, नाव तुझं. तुला याचं काही वाटत नव्हतं आणि मला वाटतं हे तुला कधी कळलंही नसेल. मी सांगितलं नाही. असल्या गोष्टी सांगताना आपणच बारके दिसतो.

आणि मग युवराज आला.

टाइल्सच्या शोरूमवाल्याचा हा मुलगा, तिशीतला, दिवसभर फोन तोंडासमोर धरून स्वतःच्या गाडीचे व्हिडिओ करणारा. त्यानं कुठून तरी एक इंटरकूलर मागवला होता. जाडजूड, पांढराशुभ्र, वर काळ्या रंगात मोठी अक्षरं. तू बॅटरी लावून त्याच्या तोंडातून आत पाहिलंस आणि मला बोलावून दाखवलंस. आत पट्ट्या विरळ, वाकलेल्या, कोपऱ्यात पत्र्याचा चुरा तसाच पडलेला. हा चुरा सुटून इंजिनात गेला असता तर इंजिनच गेलं असतं. त्यातून तो एवढा जाड की बंपरमागच्या लोखंडी दांड्याला अडत होता. गाडीच्या तोंडावर आडवा बसवलेला हा दांडा. समोरून धडक बसली की पहिला मार तो खातो. युवराज म्हणाला, मग दांडा खालून कापा ना. इंटरकूलर जाळीतून दिसला पाहिजे, दिसला नाही तर उपयोग काय?

तू फडक्याला हात पुसलेस. म्हणालास, “हा दांडा गाडीचा न्हाय, आत बसणाऱ्याचा हाय. बेडप्पा. मला नको हे काम.”

त्यानं तुला जुन्या काळातला म्हटलं. तू व्हय म्हणालास आणि दुसऱ्या गाडीखाली शिरलास.

पुढच्याच आठवड्यात तुझ्या आईला बरं नव्हतं म्हणून तू तीन दिवस मैंदर्गीला गेलास. पहिल्याच सकाळी युवराज माझ्या दारात. मला त्यानं आधी गोड बोलून पाहिलं, मग म्हणाला, अण्णांना विचारल्याशिवाय तुमचं काहीच चालत नाही वाटतं? बस. एवढ्यावर मी दांडा कापला. मला कुणी फसवलं नाही, दम दिला नाही, माझी काही अडचण नव्हती. एक वाक्य पुरलं. दांड्याच्या खालच्या अंगाचा हातभर तुकडा ग्राइंडरनं काढला, तो इंटरकूलर बसवला, नवे पाइप केले, आणि सांगतो मल्लू, शिवण अशी घातली की माझी मलाच बघत राहावीशी वाटली. पत्र्याचा चुरा तेवढा झटकून काढला होता. म्हणजे तू शिकवलेलं सोयीपुरतं लक्षात होतं.

युवराजनं व्हिडिओ टाकला. त्यात माझे हात होते, माझी ठिणगी होती, आणि खाली लिहिलं होतं ‘मल्लूअण्णा गॅरेज, सोलापूर’. तुझ्या नावाला भाव होता ना. मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल ते सांगायची लाज वाटते. काम चुकलं म्हणून माझा जळफळाट झाला नव्हता. माझं नाव नाही म्हणून झाला होता.

तू आलास आणि माझ्या भंगाराच्या ढिगात तुला तो तुकडा दिसला. तू तो उचललास, उलटा-सुलटा पाहिलास आणि माझ्या टेबलावर ठेवलास. मला वाटलं कन्नड सुरू होईल. तू अगदी हळू मराठीत विचारलंस, “त्या गाडीत फुडं कोण बसतं, म्हाईत हाय का तुला?”

मी ग्राइंडरची वायर गुंडाळायला लागलो.

“त्याची आई बसती. दर गुरुवारी अक्कलकोटला घेऊन जातो तो तिला.”

मग तू मला घेऊन युवराजच्या घरी गेलास. तू म्हणालास, गाडी परत आण, दांडा नवा टाकून देतो. तो हसला. गाडी विमानासारखी पळते म्हणाला. ते थंडीचे दिवस होते, पळणारच. परत येताना तू स्कूटरवर मागं बसला होतास. मी म्हणालो, झालं ते झालं, तो स्वतः मागत होता. तू म्हणालास, “तो मागत होता. तुझ्या हातात ग्राइंडर होता.” मी स्कूटर थांबवली आणि नको ते बोललो. म्हणालो की तुला माझं नाव झालेलं बघवत नाही. सात रस्त्याच्या सिग्नलला, भर दुपारी. तू उतरलास आणि चालत गेलास. तुझ्या गुडघ्याचं दुखणं मला माहीत होतं. मी तुला चालू दिलं.

त्यानंतर तू मला टाळलंस असंही नाही. सकाळी चहा आला की माझा कप पत्र्याखालच्या फटीतून सरकवायचास, तसा सरकवत राहिलास. मी तो पीत नव्हतो. वर साय धरलेला तो कप दुपारी चहावाला घेऊन जायचा. साडेचार महिने असाच तो परत जात राहिला. स्वतःची शिसारी म्हणजे काय ते मला त्या सायीकडे बघून आता कळतं. तेव्हा मला तो ताठा वाटत होता.

आणि एका दुपारी शुक्रवार पेठेतल्या घरी तू जेवून उठलास, हात धुवायला मोरीत गेलास आणि तिथंच बसलास.

तुमच्या रीतीप्रमाणे तुला बसवून नेलं, कपाळभर विभूती लावून, गळ्यात हार घालून. मी मागच्या मागं चाललो. पुढं यायला कुणी सांगितलं असतं तरी आलो नसतो. युवराज पुढं होता. त्यानं तेही फोनवर घेतलं.

फ्लेक्स पाहिला त्या दिवशी मी संध्याकाळी वैनींकडे गेलो. म्हटलं, वैनी, चौकात खोटं लिहिलंय. मग सगळं सांगितलं, कापल्यापासून स्कूटरपर्यंत. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. तू घरी बोलला नव्हतास. माझी चहाडी तू बायकोकडेही केली नाहीस, मल्लू, आणि मी सिग्नलला उभा राहून तुला मत्सरी म्हणालो होतो.

त्या उठल्या, किल्ली घेतली आणि म्हणाल्या, गॅरेजात काय तरी झाकून ठेवलंय त्यांनी, मला काय कळंना, तुमी बघा चला.

मागच्या भिंतीला पोत्याखाली ते होतं. युवराजच्या गाडीच्याच मॉडेलचा अख्खा दांडा, भंगारातून आणलेला, गंज घासून काळा रंग दिलेला. त्याच्याखाली तारेनं बांधलेला पुठ्ठ्याचा इंटरकूलर. पातळ, रुंद, दांड्याच्या बरोबर खाली बसणारा. न कापता बसणारा, आणि जाळीतून दिसणारासुद्धा. त्याची ती हौसही तू धरली होतीस. शेजारी नव्या इंटरकूलरचा गाभा, चांगल्यातला, पट्ट्या दाट, आणि टाक्यांसाठी ॲल्युमिनियमचा पत्रा मापात कापून ठेवलेला. पुठ्ठ्यावर पेन्सिलनं मापं होती आणि कन्नडमध्ये एक ओळ. मला वाचता येईना. मी वैनींसमोर धरला.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. “आर्गन, दत्तूला सांगायचं.”

त्या दुसऱ्यांदा वाचायला गेल्या आणि त्यांना पुढं वाचता येईना. मी बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शोकसभा होती, तुमच्या पेठेतल्या हॉलमध्ये. माणसं लई होती. ट्रकवाले, रिक्षावाले, एक डॉक्टरीणबाई जिची गाडी तू आयुष्यभर सांभाळलीस, मैंदर्गीचे तुझे भाऊबंद. आधी बरे बोलले सगळे. मग युवराज उठला. अण्णा माझे गुरू, म्हणाला. माझी गाडी हे अण्णांचं स्मारक आहे, म्हणाला. माझे दहा मित्र आपापल्या गाड्यांना अण्णांच्याच पद्धतीनं इंटरकूलर बसवणार, हीच श्रद्धांजली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत. आणि मग त्यानं खिडकीतून हात केला आणि बाहेर त्याच्या मित्रानं गाडी रेस केली. आधी गुरगुर आणि मग पाय सोडला की ते फिस्सऽऽ, साप चिरडल्यासारखं. तीन वेळा. तुझ्या फोटोसमोरची उदबत्ती जळत होती आणि बाहेरून पेट्रोलचा धूर आत येत होता.

मला किळस आली. पण तो आवाज ऐकून नव्हे. दहा गाड्या, म्हणजे दहा दांडे. आणि ते कापायला तो कुणाकडे येणार होता, हे मला चांगलं माहीत होतं.

मी उभा राहिलो. मला बोलता येत नाही, तुला माहीत आहे. म्हटलं, “ते काम मल्लूनं केलं न्हाय. मल्लूनं नको म्हणून सांगितलं होतं. मी केलं. दांडा कापून केलं, आणि ते चूक हाय.”

कुणी तरी म्हणालं की ही बोलायची जागा नव्हे. युवराज हसून म्हणाला, काकांना दुःख अनावर झालंय. दोघं माझा हात धरून बसवायला आले. तेव्हा वैनी बायकांतून म्हणाल्या, “बोलू द्या त्यांना.” मोठ्यानं नाही, पण ते हात सुटले. मग मी दांडा कशासाठी असतो ते सांगितलं, तू मला ज्या शब्दांत सांगितलं होतंस त्याच शब्दांत. आत बसणाऱ्याचा असतो, म्हणून.

युवराजची आई दुसऱ्या रांगेत होती. पांढरे केस, जाड भिंगांचा चष्मा. ती माझ्याकडे नाही, मुलाकडे वळली आणि तिनं विचारलं, “म्हंजे मी बसते तितं फुडं काय न्हाय व्हय रं?”

तो फोन खिशात घालायला लागला. एवढा बोलका माणूस.

त्याला उपरती झाली असं मात्र समजू नकोस. त्या गुरुवारी आई गाडीत बसेना, एसटीनं अक्कलकोटला गेली, आणि चार लोकांनी ते पाहिलं. म्हणून शनिवारी गाडी माझ्या दारात आली. खुर्चीवर बसून तो फोन बघत राहिला. मी बंपर काढला आणि माझंच काम समोर आलं. शिवण अजून सुंदर होती. सुंदर आणि घाण. शेणावर चांदीचा वर्ख लावल्यासारखी. पाचेक महिन्यांत त्या जाडजूड ठोकळ्यानं रेडिएटरचा वारा अडवला होता. युवराज स्वतःच म्हणाला की उन्हात एसी चालत नाही आणि इंजिनचा काटा वर जातो. तक्रार करतोय असा म्हणाला. मी तो ठोकळा बाहेर काढला, तिरका केला, आणि आतून ते ओळखीचं काळं तेल माझ्या चपलेवर पडलं. मी हटलो नाही.

तुझ्या पुठ्ठ्यावरून टाक्या केल्या. मापं कुठंच चुकली नव्हती. माझी शिवण मात्र दोनदा चुकली, पाण्यात बुडबुडे आले. तिसऱ्यांदा पाणी शांत राहिलं. दांडा बोल्टला लागला, इंटरकूलर त्याच्याखाली बसला, मध्ये बोटभर जागा राहिली, तू धरली होतीस तेवढीच. भर दुपारी वळसंगपर्यंत जाऊन आलो. उतरून पाइपाला हात लावला. हात ठरत होता. परत गाडीत बसून थर्मामीटर पाहिला, तोंडातून आकडा निघाला आणि ऐकायला बाजूच्या सीटवर कुणी नव्हतं.

युवराजनं लगेच फोन काढला. ‘अण्णांचं शेवटचं डिझाइन’ असं लिहायचं म्हणाला. परत तीच किळस आली, पण या वेळी मी स्कूटर काढून गेलो नाही. म्हटलं, हे लिहायचं तर लिही, ते खरं आहे. पण आधी जुना व्हिडिओ उघड. त्याखालचं मल्लूचं नाव काढ आणि माझं घाल. दत्तू वेल्डर, दांडा कापून बसवलेला, असं लिही. त्याला कळेना. म्हणाला, काका, बदनामी होईल तुमची. मी म्हटलं, लिही. त्यानं लिहिलं. फ्लेक्स मी आणि डॉक्टरीणबाईंच्या ड्रायव्हरनं शिडी लावून उतरवला.

आता माणसं येतात आणि विचारतात, दांडा कापणारे दत्तू तुम्हीच का? मी व्हय म्हणतो. त्यातले काही कापून घ्यायलाच आलेले असतात. त्यांना बसवून सगळं सांगतो. काही ऐकतात, काही तोंड वाकडं करून दुसरीकडे जातात, आणि दुसरीकडे कुणी तरी कापून देत असणार. त्याला मी काय करू, मल्लू? तू असतास तर काय केलं असतंस? गाडीखाली शिरला असतास.

एकच गोष्ट राहिली आहे. त्या पुठ्ठ्यावरची ओळ मी वैनींकडून शिकून घेतली, आता मला ती वाचता येते. दत्तूला सांगायचं. तू किती दिवस ती तशी ठेवली होतीस? पत्र्यापलीकडे मी चार हातांवर होतो. कप सरकवताना एकदा म्हणाला असतास, अरे हे बघ जरा, तर मी आलो असतो. असं मी लोकांना सांगतो. ते खोटं आहे. पहिल्या हाकेला मी आलो नसतो. ऐकू आलं नाही असं दाखवलं असतं, ग्राइंडर चालू केला असता.

दुसऱ्या हाकेला आलो असतो.